अमेरिकेतील धनुर्मृगया आणि इलेक्ट्रॉनिक साधने : एका मर्यादेचा इतिहास

प्रस्तावना

धनुष्यबाण हे मानवाच्या अतिप्राचीन शस्त्रांपैकी एक होय. बंदुकीचा प्रसार झाल्यानंतर ते युद्धातून हद्दपार झाले आणि शिकारीतही मागे पडले. असे असूनही विसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, म्हणजे बंदूक अत्यंत सुलभ असलेल्या देशात, असंख्य लोकांनी हे शस्त्र शिकारीसाठी पुन्हा हाती घेतले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही घटना विचार करावयास लावते. अधिक परिणामकारक साधन हाताशी असताना मनुष्य कमी परिणामकारक साधनाची निवड का करतो, आणि अशी निवड एकदा केल्यानंतर त्या साधनात कितपत सुधारणा होऊ द्यावी, असे दोन प्रश्न तिच्यातून उभे राहतात.

यातील दुसऱ्या प्रश्नाला गेल्या काही दशकांत विशेष धार आली. बाणाच्या मागील टोकास बसणारा लहानसा दिवा, धनुष्यावरच बसविलेला लेसर अंतरमापक अशी विद्युत्घटावर चालणारी साधने बाजारात आली. ती धनुष्यावर असावीत की नसावीत, यावर अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांत, त्यांच्या संस्थांत आणि राज्यांच्या वन्यजीव खात्यांत दीर्घकाळ वाद झाला. वरवर पाहता हा काही हौशी लोकांच्या आपसातील वाद वाटतो. वस्तुतः तंत्रज्ञान आणि आत्मसंयम यांच्या परस्परसंबंधाचा तो एक बोलका दाखला आहे.

आपल्याकडे वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे करमणुकीसाठी होणारी शिकार कायद्याने बंद झाली आहे. त्यामुळे शिकार योग्य की अयोग्य हा आपल्या दृष्टीने पहिला प्रश्न ठरेल. प्रस्तुत लेखात मात्र तो हाताळलेला नाही. जेथे शिकार कायदेशीर आहे तेथील समाजाने स्वतःच्या शस्त्रावर मर्यादा कशा घातल्या, त्या कोणत्या तत्त्वावर घातल्या आणि ते तत्त्व कितपत टिकते, एवढाच शोध येथे घ्यावयाचा आहे. ही मर्यादा ‘जुने’ आणि ‘नवे’ यांच्यामध्ये कधीच आखली गेली नव्हती. बाण सुटण्यापूर्वीची मदत आणि बाण सुटल्यानंतरची मदत यांच्यामध्ये ती हळूहळू आखली गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

इशी, पोप आणि यंग

अमेरिकेतील आधुनिक धनुर्मृगयेचा इतिहास सामान्यतः इशी या याही जमातीच्या पुरुषापासून सांगितला जातो. त्यापूर्वी १८७८ मध्ये मॉरिस थॉम्पसन यांच्या ‘द विचरी ऑफ आर्चरी’ या पुस्तकाने धनुर्विद्येची आवड पसरविली होती आणि १८७९ मध्ये राष्ट्रीय धनुर्विद्या संघटनाही स्थापन झाली होती. तथापि त्या लाटेचा भर हळूहळू निशाणबाजीवर स्थिरावला. शिकारीच्या परंपरेला दिशा मिळाली ती कॅलिफोर्नियात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत याही जमात जवळजवळ नामशेष झाली. उरलेली मूठभर माणसे उत्तर कॅलिफोर्नियातील डियर क्रीकच्या खोऱ्यात अनेक वर्षे लपून राहिली. त्यांच्यातील अखेरचा पुरुष ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ उपाशी अवस्थेत सापडला. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ हे नाव दिले. याही भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच होतो. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याची मैत्री जमली. इशीने पोप यांना धनुष्य तासणे, बाण बनविणे आणि सावजाजवळ जाणे या तिन्ही गोष्टी शिकविल्या. मार्च १९१६ मध्ये क्षयाने इशीचा मृत्यू झाला. पोप यांनी १९१८ मध्ये याही धनुर्विद्येवर शोधनिबंध लिहिला आणि १९२३ मध्ये ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्यासह त्यांनी १९२० मध्ये यलोस्टोन परिसरात ग्रिझली अस्वलांची आणि १९२५ मध्ये आफ्रिकेत सिंहांची शिकार केली. या प्रसंगांमुळे धनुष्याने मोठे जनावर मारता येते, ही गोष्ट सर्वत्र झाली.

पोप यांनी करून ठेवलेल्या नोंदींतील दोन बाबी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, इशी दूरच्या निशाणावर फारसा प्रवीण नव्हता. त्याचे कसब जवळच्या अंतरावर दिसे. दबत जाणे, वाऱ्याची दिशा सांभाळणे, बोटे ओठांशी धरून काढलेल्या आवाजाने प्राण्याला जवळ बोलावणे, यांतच त्याची शिकार बहुतांशी पूर्ण होई आणि बाण सोडणे हे त्यातले शेवटचे काम असे. दुसरी बाब अशी की, इशीला जुन्या पदार्थांचा आग्रह नव्हता. परंपरेने बाणाची टोके ज्वालामुखीय काचेची घडविली जात. बाटलीची काच हाती लागताच त्याने तीही घडविली. ज्याच्या दृष्टीने धनुष्य हे उपजीविकेचे साधन होते, त्याला स्वतःवर मर्यादा घालण्याचे कारणच नव्हते. मर्यादेची कल्पना आली ती पोप यांच्यासारख्या, ज्याला बंदूक सहज मिळू शकत होती अशा सुशिक्षित नागरिकाच्या मनात. पुढे या दोघा गोऱ्या शिकाऱ्यांच्या नावाने संस्था उभी राहिली. ज्याच्याकडून विद्या आली त्याचे नाव त्या पाटीवर आले नाही. ‘न्याय्य’ शिकारीची चर्चा करताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड करणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल.

मर्यादेला कायद्याचे रूप

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वन्यप्राण्यांची स्थिती शोचनीय झाली होती. बाजारात मांस व कातडी विकण्यासाठी चालणाऱ्या शिकारीने बायसनचे अफाट कळप संपविले आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण अनेक राज्यांतून नाहीसे केले. प्रवासी कबुतर या जातीचा अखेरचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. या पार्श्वभूमीवर थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल प्रभृतींनी १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना केली. प्राणी मोकळा असावा, त्याला निसटण्याची खरी संधी असावी आणि शिकाऱ्याने गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये, ही ‘फेअर चेस’ म्हणजे न्याय्य पाठलागाची कल्पना या संस्थेने रूढ केली.

ही कल्पना केवळ सभ्यतेचा संकेत म्हणून राहिली नाही. १९३५ मध्ये संघराज्य सरकारने पाणपक्ष्यांच्या शिकारीत जिवंत आमिषपक्षी वापरण्यास मनाई केली आणि एका वेळी तीनहून अधिक काडतुसे राहणार नाहीत अशी अट छर्ऱ्याच्या बंदुकीवर घातली. पुढे स्थलांतरित पक्ष्यांना भुलविण्यासाठी ध्वनिमुद्रित किंवा विजेने मोठे केलेले आवाज वापरण्यावर बंदी आली. १९७१ मध्ये विमानातून प्राणी मारण्यास कायद्याने मनाई झाली. साधन उपलब्ध असूनही ते कायद्याने नाकारावयाचे, ही परंपरा धनुष्यावरील विजेच्या साधनांचा वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

धनुर्धाऱ्यांना स्वतंत्र हंगाम मिळाला तो याच काळात. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये मोजक्या परगण्यांत धनुष्याने हरणांची शिकार करण्याचा हंगाम जाहीर केला आणि पुढील काही दशकांत इतर राज्यांनी तेच केले. या हंगामांमागील हिशेब साधा होता. धनुष्याने फार थोडी हरणे मरतात, बाण दूर जात नसल्याने वस्तीजवळही धोका कमी असतो आणि बंदुकीचा गोंगाट होत नाही. म्हणून धनुर्धाऱ्यांना बंदूकवाल्यांपेक्षा लांबलचक हंगाम देण्यास हरकत नव्हती. थोडक्यात, शस्त्र दुबळे म्हणून सवलत मोठी, असा हा सामाजिक करार होता.

या कराराला दुसरी बाजूही होती. धनुष्य जनावराला केवळ जखमी करते, मारत नाही, असा आक्षेप बंदूकधारी शिकारी आणि वन्यजीव खात्यांतील काही अधिकारी घेत असत. तो खोडून काढण्यासाठी धनुष्य पुरेसे घातक आहे हे धनुर्धाऱ्यांना सिद्ध करावे लागे. सिएटलचे ग्लेन सेंट चार्ल्स यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबच्या हेतूंपैकी हा एक होता. धनुष्याने मारलेल्या मोठ्या जनावरांच्या शिंगांची मोजमापे घेऊन त्यांची अधिकृत नोंद ठेवणे आणि अशी नोंद स्वीकारताना शिकार न्याय्य मार्गाने झाली की नाही हे पाहणे, असे कार्य या संस्थेने स्वीकारले. संस्थेची नियमावली कायदा नव्हती. परंतु नोंदीचा मान हवा असेल तर नियम पाळावे लागत.

अशा रीतीने धनुर्धाऱ्यांच्या वाट्याला एक दुहेरी अट आली. हंगाम मिळविण्यासाठी धनुष्य परिणामकारक आहे असे दाखवावयाचे आणि हंगाम टिकविण्यासाठी ते अति परिणामकारक नाही असेही दाखवावयाचे. पुढील प्रत्येक वाद या दोन टोकांमधील जागा शोधण्याचा होता.

कप्पीचे धनुष्य आणि पहिली तडजोड

या दुहेरी अटीची पहिली मोठी परीक्षा विजेने नव्हे, तर कप्पीने घेतली. मिसूरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांनी धनुष्याच्या दोन्ही टोकांना उत्केंद्री कप्प्या लावून दोरीची रचना बदलली. १९६६ मध्ये अर्ज केलेले त्यांचे पेटंट १९६९ च्या अखेरीस मंजूर झाले. हेच पुढे ‘कंपाउंड बो’ म्हणून प्रसिद्धीस आलेले धनुष्य होय.

साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे खेचावी तितका ताण वाढत जातो; पूर्ण खेचल्यावर हात थरथरू लागतो आणि बाण लवकर सोडावा लागतो. कंपाउंड धनुष्यात कप्पी ठरावीक जागेपलीकडे फिरली की हातावरील ताण एकदम उतरतो. ६० पौंड ताणाच्या धनुष्यात ही उतार ८० टक्के असेल, तर पूर्ण खेचलेल्या अवस्थेत हातावर केवळ १२ पौंड भार राहतो. नेम धरण्यास अवधी मिळतो आणि वर्षानुवर्षांचा सराव नसलेल्या मनुष्यालाही बऱ्यापैकी अचूकता साधता येते.

हे धनुष्यच नव्हे, असे म्हणणारे जुने धनुर्धारी त्या वेळी कमी नव्हते. तरीही काही वर्षांतच कंपाउंड धनुष्य सर्वमान्य झाले आणि पोप अँड यंग क्लबनेही ते स्वीकारले. मात्र ताणाच्या उतारावर मर्यादा घातली. ही मर्यादा बरीच वर्षे ६५ टक्के होती. २००० नंतरच्या दशकात ती शिथिल करून, अधिक उताराच्या धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद वेगळ्या खुणेसह घेण्यास सुरुवात झाली. टक्केवारीच्या आकड्यात आखलेली मर्यादा हळूहळू सरकत जाते, हा या प्रकरणाचा धडा होय. ६५ का आणि ७० का नाही, याला तत्त्वाचे उत्तर देता येत नव्हते.

या स्वीकारामागे आर्थिक कारणेही होती. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील संघराज्य कर वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे वळविला होता. १९७२ मध्ये, म्हणजे योगायोगाने आपला वन्य जीव अधिनियम संमत झाला त्याच वर्षी, या व्यवस्थेत धनुर्विद्येच्या साहित्यावरील ११ टक्के कराची भर पडली. धनुर्धारी वाढले की साहित्याची विक्री वाढे, विक्री वाढली की संवर्धनासाठी निधी वाढे. शिकणे सोपे करणाऱ्या प्रत्येक साधनामागे त्यामुळे उद्योगाचे बळ तर उभे राहिलेच, शिवाय सार्वजनिक निधीचे समर्थनही उभे राहिले. या साखळीचा विचार न करता केवळ ‘परंपरा विरुद्ध बाजार’ अशी मांडणी करणे अपुरे ठरेल.

विद्युत्घटाचा प्रवेश

ताणाच्या उतारावर तडजोड करणाऱ्या या संस्थेने विजेच्या साधनांबाबत मात्र स्पष्ट रेषा आखली. धनुष्यावर किंवा बाणावर बसविलेले कोणतेही इलेक्ट्रॉनिक साधन वापरून केलेली शिकार नोंदीस अपात्र, असा नियम करण्यात आला. पश्चिमेकडील काही राज्यांनी याच स्वरूपाची बंदी आपल्या शिकार नियमांत घातली. या नियमाचा मोठा गुण म्हणजे त्याची सुस्पष्टता. धनुष्यावर घट आहे की नाही हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. तेथे टक्केवारी मोजत बसावे लागत नाही.

या रेषेला पहिला धक्का दिला तो बाणाच्या खाचेतील दिव्याने. बाणाच्या मागील टोकास, जेथे दोरी बसते, तेथे प्लास्टिकची एक खाच असते. तिच्यात बारीकसा घट व एलईडी दिवा बसवितात. बाण सुटताना दोरीच्या दाबाने दिवा लागतो आणि बाण जेथे पडेल तेथे तो प्रकाशत राहतो. हा दिवा नेम धरण्यास कोणतीही मदत करीत नाही, कारण तो लागतो तेव्हा बाण हातातून गेलेला असतो. तरीही इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे तो अपात्र ठरत असे.

अनेक वर्षांच्या चर्चेनंतर पोप अँड यंग क्लबने २०१४ मध्ये नियमात अपवाद केला. उजळणारी खाच आणि धनुष्यावर बसविलेला चित्रीकरणाचा कॅमेरा यांना मान्यता मिळाली. मात्र ते साधन लक्ष्याच्या दिशेने प्रकाश टाकणारे नसावे आणि अंतर मोजण्यास, नेम धरण्यास किंवा बाण सोडण्यास साहाय्य करणारे नसावे, अशी अट घालण्यात आली. प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ही अट अतिशय महत्त्वाची आहे. तोपर्यंत जो नियम साधनाच्या जातीवर म्हणजे वीज आहे की नाही यावर उभा होता, तो आता साधनाच्या कार्यावर म्हणजे ते कोणत्या क्षणी कोणाला मदत करते यावर उभा राहिला.

चारच वर्षांनी या नव्या तत्त्वाची कसोटी लागली. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीने ‘झेरो’ या नावाने धनुष्यावर बसविण्याचे डिजिटल नेमसाधन बाजारात आणले. दोरी खेचलेल्या स्थितीतच शिकाऱ्याने कळ दाबली की लेसरने सावजाचे अंतर मोजले जाते आणि त्या अंतरासाठी नेमका जो बिंदू हवा तो काचेवर उजळतो. अंतराचा अंदाज घेणे हे धनुर्धाऱ्याचे पिढ्यान्पिढ्यांचे कसब. बाण पल्लेदार कमानीत जात असल्याने अंतरात पाचसहा मीटरची चूक झाली तरी तो वर किंवा खाली जातो. हे कसबच साधनाने आपल्याकडे घेतले. साहजिकच २०१४ च्या अटीनुसार ते अपात्र ठरले.

जखमी हरणाचा प्रश्न

या साधनांच्या समर्थकांचा युक्तिवाद केवळ सोयीचा नाही, आणि म्हणूनच तो गांभीर्याने घेतला पाहिजे. बाण हा गोळीप्रमाणे आघाताने मारत नाही. धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापल्या जाऊन रक्तस्रावाने जनावर मरते. बाण छातीत योग्य जागी लागला तर हे अल्पकाळात घडते. तो पोटात किंवा पायात लागला तर जनावर दूर जाते, तासन्तास वेदना भोगते आणि पुष्कळदा सापडतच नाही. मेरीलँड राज्यातील इंडियन हेड या नौदलाच्या तळावर अनेक वर्षे ठेवलेल्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कंपाउंड धनुष्य व क्रॉसबो यांनी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे शिकाऱ्यांना सापडली नाहीत, असे त्यात आढळले. त्यांतील सर्वच मेली असे नाही. काही जखमा भरूनही येतात. तरी हा आकडा लहान म्हणता येणार नाही.

मग प्रश्न असा उभा राहतो की, नेम अचूक करणारे साधन जवळ असताना ते नाकारणे म्हणजे शिकाऱ्याने आपल्या कसबाच्या अभिमानाची किंमत जनावराला द्यावयास लावणे नव्हे काय? मर्यादा स्वतःवर घालावी हे ठीक. पण तिचा भार दुसऱ्याच्या देहावर पडत असेल तर तिला संयम म्हणता येईल काय? हा आक्षेप बिनतोड वाटतो. पोप यांच्यापासून चालत आलेल्या परंपरेकडे याचे उत्तर नसेल, तर ती परंपरा निव्वळ हौस ठरेल.

उजळणाऱ्या खाचेच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा लागतो. बाण नेमका कोठे लागला हे संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात दिसले, तर जनावराचा माग लगेच काढावा की काही तास थांबावे याचा निर्णय करता येतो. जनावराच्या देहातून पार गेलेला बाण सापडला, तर त्यावरील रक्तावरून जखमेचे स्वरूप कळते. ही सर्व मदत बाण सुटल्यानंतरची आहे. ती हरणाची निसटण्याची संधी हिरावून घेत नाही. आधीच जखमी झालेल्या हरणाप्रतीचे कर्तव्य पार पाडण्यास हातभार लावते. २०१४ चा बदल म्हणूनच योग्य म्हणावा लागेल.

अंतर आणि अवधी

धनुष्यावरील लेसर अंतरमापकाला मात्र हाच युक्तिवाद लावता येत नाही. त्याचे कारण भौतिक स्वरूपाचे आहे. आधुनिक कंपाउंड धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला सुमारे ९० मीटर धरला, तर १८ मीटरवरील सावजापर्यंत पोहोचण्यास त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ३६ मीटरवर दुप्पट म्हणजे ०.४ सेकंद आणि ५४ मीटरवर ०.६ सेकंद. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. म्हणजे ५४ मीटरवरील हरणाला दोरीचा आवाज साधारण ०.१६ सेकंदात ऐकू जातो आणि बाण येण्यापूर्वी त्याच्या हाती जवळजवळ ०.४४ सेकंद उरतात. दचकलेले हरीण उसळी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबते. एवढ्या अवधीत ते सहज दबू शकते, एखादे पाऊल पुढे टाकू शकते किंवा वळू शकते. छातीकडे सोडलेला बाण मग पाठीत किंवा पोटात लागतो.

अंतरमापक अंतर अचूक सांगतो. हा अवधी तो कमी करू शकत नाही. उलट, आकडा अचूक दिसल्याने शिकाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो आणि ज्या अंतरावर तो पूर्वी बाण सोडण्यास धजला नसता, तेथे सोडण्याचा मोह होतो. जवळच्या बाणांत साधन जी चूक वाचवील, ती दूरच्या बाणांत पुन्हा घडण्याचा संभव आहे. जखमी हरणाच्या वेदनेवरील खरा उपाय म्हणजे जवळ जाणे, आणि जवळ जाता आले नाही तर बाण न सोडणे. इशीचे कसब जवळच्या अंतरावर का होते, याचे उत्तर येथे मिळते. त्या मर्यादेत त्याचे साधन आणि जनावराचा सुलभ मृत्यू यांचा मेळ बसत होता.

येथे एक विसंगती मान्य करणे आवश्यक आहे. २०१४ च्या अटीनंतरही हातात धरावयाचा लेसर अंतरमापक पोप अँड यंग क्लबला चालत होता; बंदी होती ती धनुष्यावर बसविलेल्यावर. एकच लेसर हातात असला तर न्याय्य आणि धनुष्यावर असला तर अन्याय्य, हे कसे? समर्थकांचा हा प्रश्न रास्त आहे. याचे पूर्ण समाधानकारक उत्तर देता येत नाही; परंतु दोहोंत फरक आहे हे नाकारताही येत नाही. हातातील साधनाने अंतर मोजावयाचे तर ते दोरी खेचण्यापूर्वी मोजावे लागते, त्यासाठी हालचाल करावी लागते, आणि मोजल्यानंतर सावज हलले तर पुन्हा अंदाजावरच विसंबावे लागते. सावजाला सावध होण्याची संधी तेथे शिल्लक राहते. धनुष्यावरील साधन नेमकी हीच संधी संपविते. मर्यादा आखणाऱ्यांनी ती तर्काच्या अंतिम टोकापर्यंत नेली नाही. ओळखता येईल आणि पाळता येईल अशा जागी थांबविली. कायद्याच्या इतिहासात अशी उदाहरणे नवी नाहीत.

धनुष्याबाहेरील साधने

हाच विचार धनुष्यापलीकडेही गेलेला दिसतो. २००५ मध्ये टेक्सासमधील एका खाजगी कुरणात संगणकाच्या साहाय्याने घरबसल्या बंदूक चालवून प्राणी मारण्याची सोय करण्यात आली, तेव्हा शिकारविरोधी आणि शिकारी असे दोन्ही गट तिच्या विरोधात उभे राहिले आणि अनेक राज्यांनी तिला बंदी केली. २०१४ मध्ये कोलोरॅडो, मोंटाना व अलास्का या राज्यांनी शिकारीसाठी ड्रोनचा वापर निषिद्ध केला. झाडाला बांधून ठेवलेले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे थेट भ्रमणध्वनीवर पाठविणारे कॅमेरे हा त्यानंतरचा वादविषय होता. ॲरिझोना राज्याच्या वन्यजीव आयोगाने २०२१ मध्ये शिकारीसाठी अशा कॅमेऱ्यांच्या वापरावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला आणि तो जानेवारी २०२२ पासून अमलात आला. कोरड्या प्रदेशात पाणवठे मोजके असतात. तेथे कॅमेरे बसविल्यास प्राण्याला लपण्याची जागाच उरत नाही, असा विचार त्यामागे होता. या सर्व निर्णयांत साधन इलेक्ट्रॉनिक आहे हा मुख्य मुद्दा नव्हता. प्राण्याची संधी कोणत्या क्षणी संपते, हा मुख्य मुद्दा होता.

विस्कॉन्सिनमधील वनशास्त्रज्ञ अल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्याने शिकार करीत. १९४९ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथात त्यांनी यांत्रिक साधनांच्या अतिरेकाने शिकारीतील आत्मनिर्भरता व संयम लोप पावतील, अशी भीती व्यक्त केली होती. शिकाऱ्याच्या कृतीला टाळी देणारा किंवा तिची निर्भर्त्सना करणारा प्रेक्षक रानात नसतो, त्याचा न्यायाधीश त्याची सदसद्विवेकबुद्धीच असते, हा त्यांचा विचार या वादात वारंवार आठवावा असा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. एक, अमेरिकेतील धनुर्मृगया ही प्राचीन परंपरेचे अखंड सातत्य नसून विसाव्या शतकात जाणीवपूर्वक केलेली निवड आहे. म्हणून ‘पूर्वी असे नव्हते’ हा युक्तिवाद तिच्या बाबतीत दुबळा ठरतो. कप्पी स्वीकारणाऱ्याला केवळ नवेपणाच्या कारणास्तव घट नाकारता येत नाही. दोन, धनुर्धाऱ्यांचा लांब हंगाम शस्त्राच्या मर्यादित पल्ल्यावर आधारलेल्या सामाजिक कराराचे फळ आहे. तो पल्ला साधनांनी वाढविला, तर हंगामाचे समर्थन तेवढ्या प्रमाणात कमी होते. तीन, २०१४ च्या अपवादाने जे तत्त्व पुढे आले, ते साधनाच्या जातीवरील बंदीपेक्षा अधिक टिकाऊ आहे. बाण सुटण्यापूर्वी शिकाऱ्याचे काम स्वतःकडे घेणारे साधन धनुष्यावर नसावे. बाण सुटल्यानंतर जखमी प्राण्याचा शोध सुकर करणारे साधन असण्यास प्रत्यवाय नसावा. चार, या तत्त्वातही विसंगती आहेत आणि नवी साधने त्या अधिक उघड करतील. त्या वेळी टक्केवारी किंवा यादी यांपेक्षा वरील प्रश्नच पुन्हा विचारणे श्रेयस्कर ठरेल.

शिकार न करणाऱ्या समाजालाही या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे. तंत्रज्ञान नाकारणे आणि तंत्रज्ञानाला जागा नेमून देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला फारसा विचार लागत नाही. दुसरीसाठी मात्र आपण जे काम करीत आहोत त्यातील कोणता भाग आपला स्वतःचा आहे आणि कोणता यंत्राकडे सोपविल्यास कामाचा अर्थ हरवत नाही, हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेतील धनुर्धाऱ्यांनी हा प्रश्न एका लहानशा दिव्याच्या निमित्ताने विचारला, आणि त्याचे उत्तर शोधण्यास त्यांना अनेक वर्षे लागली.